दुधाचे वावडे

आजच्या भाषणाचा मथळा ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. दूध आणि वावडे? वावडे असावे वांग्याचे, फार तर माशांचे किंवा भुईमुगाचे. दुधाचे कसले वावडे? आपल्या बोलण्यात दुधाला केवढा मान आहे पाहा. सुखी घराला आपण दूधदुभत्याचे घर म्हणतो. नातवंडाला दुधावरची साय म्हणतो. पाहुणा आला आणि घरात दूध नसले, तर घरधनिणीला मेल्याहून मेल्यासारखे होते. अशा या दुधाबद्दल कुणी वावगा शब्द काढला, तर ऐकणाऱ्याला राग आला तरी मी त्याला दोष देणार नाही. मलाही एके काळी तसाच राग आला होता.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. मी डॉक्टर नाही. एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवतो. शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा धंदा. पण एका शब्दाचा अर्थ मला नीट कळला नव्हता, आणि त्यापायी माझ्या घरात एका तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतले. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो, बालरोगतज्ज्ञांना विचारीत आलो. त्यातले चार शब्द आज आपल्यापुढे ठेवतो.

गोष्ट २०१४ सालची. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्या घरी आली होती. मुलगा झाला. घरात आनंदीआनंद. दारात गाय होती. आई पहाटे उठून धार काढायची आणि बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वर पेलाभर दूध, असा सारा थाट होता. बाळ अंगावर पीत होते. दोन महिने होत आले तसे त्याचे गाल लाल, खरखरीत झाले, त्यांतून लस येऊ लागली. पोर रात्र रात्र किरकिरायचे. आंघोळ झाली की आई सहाणेवर गुटी उगाळायची: बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड. ती चाटवली की बाळाच्या ओठांभोवती लाल चट्टे उठायचे आणि तासाभराने जायचे. आई म्हणायची, ‘‘गुटी उष्ण पडत असेल.’’ मग तिने वेखंडाचे वेढे कमी केले.

पण चट्टे उठायचे राहिले नाहीत. मग घरात बायकांची बैठक बसली. कुणी म्हणाले, दृष्ट लागली. कुणी म्हणाले, मुलाला आईचेच दूध बाधते आहे. हे दुसरे मत सगळ्यांना पटले. माझ्या बहिणीने रडत रडत विचारले, ‘‘दादा, आईचं दूध कधी बाधतं का रे?’’ मी एम. ए. झालेला माणूस. तिला काय सांगितले म्हणता? सांगितले, ‘‘मोठ्या माणसांचं ऐकावं. त्यांनी चार बाळंतपणं केली आहेत.’’ आजही ते वाक्य आठवले की मान खाली जाते.

आठ दिवस बाळाला अंगावर घेणे जवळजवळ थांबवले. सुरुवातीला बाळ तांदळाच्या पेजेवर आणि साखरपाण्यावर ठेवले, तेही चूकच होते. मग एका सकाळी आईने गाईचे ताजे दूध उकळून, निवून, त्यात पाणी घालून वाटी-चमच्याने पाजायला घेतले. दहाबारा चमचे पोटात गेले असतील नसतील. पाव तासात बाळाच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, डोळे मिटले. भडाभडा ओकले आणि श्वास घेताना छातीतून शिटी वाजावी तसा आवाज येऊ लागला. शेजाऱ्याच्या जीपमधून सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक क्षण वाया घालवला नाही. मांडीत ॲड्रेनलिनची सुई दिली, नाकाशी प्राणवायू लावला. पंधरा-वीस मिनिटांत बाळाचा रंग पालटला. रात्रभर त्याला तिथेच ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारपूस सुरू केली. ‘‘बाळाला काय काय देता?’’ आई म्हणाली, ‘‘अंगावरचंच. दुसरं काही नाही. कालच काय ते वरचं दिलं.’’ बाईंनी पुन्हा विचारले, ‘‘काहीच नाही? मध, पाणी, घुटी?’’ आई म्हणाली, ‘‘गुटी देते की. ती काय खाणं आहे?’’ ‘‘कशात उगाळता?’’ ‘‘गाईच्या दुधात. निरसं नव्हे, तापवलेलं.’’

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘आजी, तुमच्या लेकीचं दूध वाईट नाही. बाळाला गाईच्या दुधाचं वावडं आहे.’’

श्रोतेहो, मी मराठीचा शिक्षक. वावडे हा शब्द मी शेकडो वेळा उच्चारला असेल, पण त्याचा खरा अर्थ मला त्या खाटेजवळ उभे राहून कळला.

आता या शब्दाकडेच वळू. आपल्या बोलीत दोन निरनिराळे प्रयोग आहेत. ‘दूध पचत नाही’ हा एक, आणि ‘दुधाचे वावडे आहे’ हा दुसरा. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. वैद्यकशास्त्रात मात्र हे दोन अगदी वेगळे विकार आहेत. दोहोंची कारणे वेगळी, लक्षणे वेगळी, आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर बाळाचे नुकसान होते. राजहंस दूध आणि पाणी निवडतो म्हणतात. आपल्याला निदान ह्या दोन शब्दांची निवड करता आली पाहिजे.

वावडे म्हणजे काय? इंग्रजी अमदानीपासून आपण ज्याला ॲलर्जी म्हणतो, तेच. हा शब्द व्हिएन्ना शहरातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली प्रथम वापरला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला आपण गावचा जागल्या समजू. चोर दिसला की आरोळी ठोकायची, हे त्याचे काम. पण एखादा जागल्या असा निघतो की, घरी आलेल्या पाहुण्यालाच चोर समजतो आणि सारा गाव उठवतो. लाठ्याकाठ्या घेऊन माणसे धावतात, आणि त्या गर्दीत घरचीच भांडीकुंडी फुटतात. वावड्यात हेच होते. गाईच्या दुधात प्रथिने असतात. त्यांत केसीन हे मुख्य, शंभरातले सुमारे ऐंशी भाग. दूध नासवल्यावर जे पांढरे पाणी उरते, त्यात बाकीची प्रथिने असतात. त्यांपैकी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन मानवी दुधात मुळीच नसते. बाळाच्या शरीरातला जागल्या ह्या परक्या प्रथिनांना शत्रू समजतो.

ही आरोळी दोन प्रकारांनी उठते. पहिल्या प्रकारात ती तत्काळ उठते. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी येतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, घरघर लागते. यामागे रक्तातले जे द्रव्य असते, त्याचा शोध इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत १९६६ च्या सुमारास लावला. त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. आमच्या बाळाचा प्रकार हाच होता.

दुसरा प्रकार सावकाशीचा आहे. त्यात लक्षणे काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात. शीमध्ये शेंबूड आणि रक्ताच्या रेषा, न थांबणारी हगवण, वजन न वाढणे, चिवट इसब, अशी ती लक्षणे. काही बाळांना दूध घेतल्यावर एक ते चार तासांनी ओकाऱ्यांवर ओकाऱ्या होतात आणि ती पांढरीफटक, मलूल पडतात. हा सावकाशीचा प्रकार ओळखायला अवघड. दूध सोमवारी पाजले आणि रक्त बुधवारी दिसले, तर दोहोंचा संबंध जोडणार कोण? पण एक बजावून सांगतो. शीमध्ये रक्त दिसले की घरी अंदाज बांधीत बसू नका. आव, गुदद्वाराची चीर, आतड्यात आतडे अडकणे, अशीही कारणे त्यामागे असतात, आणि शेवटच्या कारणाला तर एक दिवसाचाही उशीर परवडत नाही. तडक दवाखान्यात जा.

आता ‘न पचणे’ पाहू. दुधात जशी प्रथिने असतात तशी साखरही असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती पचवणारे लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. ते कमी पडले की साखर न पचता पुढे सरकते, आंबते, पोट फुगते, गडगडते, पातळ आंबूस शी होते, बाळाचा पार्श्वभाग लाल होतो. पण अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, श्वास कोंडत नाही. इथे जागल्याची चूक नसते. पाहुण्याला वाढायला स्वयंपाकघरात माणूस नाही, एवढेच.

मोठ्या माणसांत हा प्रकार आपल्या देशात सर्रास आढळतो. वय वाढते तसे हे पाचक द्रव्य पुष्कळांत कमी होत जाते. आपल्या घरात एखादे आजोबा असतात, ते दुधाचा पेला पुढे केला की नको म्हणतात, पण जेवताना दोन वाट्या ताक आनंदाने पितात. विरजणात त्या साखरेचा काही भाग अगोदरच आंबून गेलेला असतो, म्हणून ते त्यांना सोसते. त्यांना दूध पचत नाही, त्यांना दुधाचे वावडे नाही. उलट ज्या बाळाला वावडे आहे, त्याला दही-ताकही चालत नाही. साखर कमी झाली तरी प्रथिने तिथेच असतात. दूध कितीही उकळले तरी बाळाचा धोका टळत नाही, कारण केसीन उष्णतेला दाद देत नाही.

तान्ह्या बाळात मात्र जन्मजात न पचण्याचा विकार फारच दुर्मिळ आहे. देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, प्रत्येक बाळाला दूध पचवण्याची तयारी देऊनच पाठवलेले असते. आणि आकडा पाहा. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे पावणेपाच ग्रॅम साखर असते, तर आईच्या दुधात सुमारे सात ग्रॅम. आईच्या दुधात साखर अधिक असूनही बाळे त्यावरच बाळसे धरतात. बाळाला न पचण्याचा त्रास होतो तो बहुधा जोराच्या हगवणीनंतर. पुराच्या लोंढ्याने शेतातला वरचा सुपीक थर खरवडून न्यावा, तसे आतड्याचे अस्तर निघून जाते आणि त्याबरोबर ते पाचक द्रव्यही जाते. थर पुन्हा साचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात दूध पाजल्यावर शी पातळ झाली, म्हणून अंगावरचे दूध तोडू नका. हगवणीत आईचे दूध चालूच ठेवायचे असते, जोडीला दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या. त्या दुधातच आतड्याला पुन्हा उभे करणारी द्रव्ये असतात.

मग निदान करायचे कसे? श्रोतेहो, इथे डॉक्टरच हवेत. गंमत अशी की, या बाबतीत सर्वांत खात्रीची परीक्षा कुठल्याही यंत्राची नाही. संशयित पदार्थ काही आठवडे बंद करायचा, त्रास थांबतो का पाहायचे. मग तोच पदार्थ पुन्हा, मोजून मापून द्यायचा, आणि त्रास परत येतो का पाहायचे. १९६३ साली अमेरिकेतल्या गोल्डमन या डॉक्टरांनी या पद्धतीला शिस्त लावून दिली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला. आपल्या देशातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रक्ताची आणि कातडीची तपासणी असते, ती पहिल्या, तत्काळ प्रकारात उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात तपासणी निर्मळ आली तरी वावडे असू शकते. ‘पुन्हा देऊन पाहणे’ हा भाग मात्र घरी कुणी करू नये. ज्या बाळाला एकदा सूज किंवा घरघर येऊन गेली आहे, त्याला ‘बघू तरी चमचाभर’ म्हणून दूध चाटवणे म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. ते दवाखान्यात, सुई हाताशी ठेवून करायचे काम आहे.

निदान झाल्यावर काय करायचे? आमच्या घरी जे घडले तेच सांगतो. डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की बाळाला अंगावर घ्या. आठ दिवसांत बहिणीचे दूध आटत आले होते. बाई म्हणाल्या, ‘‘दर दोन तासांनी लावा, रात्रीसुद्धा. जितकं ओढेल तितकं येईल.’’ पहिले तीन दिवस बाळ आणि आई दोघेही रडत होती. पंधरवड्यात दूध पुरेसे येऊ लागले.

दुसरी गोष्ट बहिणीच्या जेवणाची. आईने खाल्लेल्या दुधातल्या प्रथिनांचा थोडा अंश तिच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना तो सोसतो, काहींना सोसत नाही. म्हणून बहिणीचे दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढे, सगळे काही आठवडे बंद केले. तूप कढवलेले असले तरी प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तेही. खरी पंचाईत झाली ती बिस्किटांची. पाकिटावर बारीक अक्षरात ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ असे शब्द असतात. हे सगळे दूधच. तीन आठवड्यांत बाळाचे गाल निवळले. मग बाईंच्या सल्ल्याने बहिणीने पुन्हा थोडे दूध घेऊन पाहिले, चार दिवसांत गाल पुन्हा फुटले. तेव्हा कुठे खात्री पटली. असे पथ्य वाटेल त्या बाळंतिणीने मनाने करू नये. पथ्य केले तर चुना, म्हणजे कॅल्शियम, दुसरीकडून मिळाले पाहिजे. आपली नाचणी यात मोठी गुणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, राजगिरा, पालेभाज्या, आणि चालत असेल त्या घरी सुकट, हेही आहेतच. शिवाय बाईंनी गोळ्या दिल्या होत्या.

तिसरी गोष्ट गुटीची. ती बंद झाली. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको, हेच आजचे शास्त्र सांगते.

ज्या बाळाला काही कारणाने आईचे दूध मिळतच नाही, त्याचे काय? इथे गावोगाव एक सल्ला हमखास मिळतो: गाईचे बाधते ना, मग शेळीचे द्या. श्रोतेहो, हा सल्ला घातक आहे. शेळी, मेंढी, म्हैस, गाय, ह्यांच्या दुधातली प्रथिने सख्ख्या बहिणींसारखी आहेत. गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या दहातल्या नऊ बाळांना शेळीचेही बाधते. कुणी गाढविणीच्या दुधाचा डांगोरा पिटतात. ते दूध प्रथिनांच्या बाबतीत मानवी दुधाच्या पुष्कळ जवळ आहे हे खरे, आणि इटलीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा बाळांवर त्याचे प्रयोगही झाले आहेत. पण त्यात स्निग्धांश फार कमी असतो, आणि रस्त्यावर उभ्या उभ्या काढलेले निरसे दूध तान्ह्याला पाजणे म्हणजे एका दुखण्यातून दुसऱ्यात पडणे आहे. अशा बाळांसाठी प्रथिनांचे अगोदरच बारीक तुकडे केलेली खास भुकटी मिळते. ती महाग असते, आणि ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यावी. दुकानदाराच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर डबे आणू नयेत. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्याला आणि फुकट नमुने वाटण्याला बंदी आहे. कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजावे.

आता दुसऱ्या बाजूने सावध करतो. दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. हे भाषण ऐकून उद्या कुणी म्हणेल, आमचा बाळ्या संध्याकाळी रडतो, त्याला वावडेच असणार. तसे नाही. निरोगी बाळेही रडतात, गुळण्या टाकतात, दिवसातून सात-आठ वेळा शी करतात. युरोपातल्या नऊ देशांत बारा हजारांवर बाळांची काटेकोर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले. तीत खरे वावडे निघाले दोनशेत साधारण एका बाळाला. याहून जास्त आकडे देणाऱ्या पाहण्याही आहेत, पण कुठेही पाहिले तरी बहुसंख्य बाळे या विकारापासून दूरच असतात. उगाच दूध तोडले तर वाढत्या पोराचे पोषण तुटते. गरिबाच्या घरात तर दुधाचा तो एक कप हेच कित्येकदा मुलाचे एकमेव पौष्टिक अन्न असते.

शिक्षक बंधुभगिनींना, आणि अंगणवाडीच्या ताईंना, दोन शब्द. शाळेत कधी दूध वाटले जाते, कधी खीर, कधी वाढदिवसाचे पेढे. एखादे पोर ‘मला नको’ म्हणते, आणि आपण त्याला हट्टी ठरवून पेला तोंडाला लावतो. तसे करण्यापूर्वी घरी एकदा विचारावे. अशा मुलाचे नाव हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे, म्हणजे बदलीवर आलेल्या गुरुजींनाही ते कळेल. मुलाला वर्गात वेगळे बसवू नये, त्याची थट्टा होऊ देऊ नये. आणि कधी खाल्ल्यावर अंगावर गांधी येऊन त्याबरोबर उलट्या, आवाज बसणे, श्वासाची घरघर, किंवा गळाठून जाणे, यांतले काही दिसले, तर लिंबू-कोकमात वेळ घालवू नये. मुलाला आडवे निजवावे, धाप लागली असेल तर बसते ठेवावे, आणि १०८ क्रमांकाला फोन करून जवळच्या दवाखान्यात न्यावे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हात जोडून विनंती. बाळ आजारी पडले की पहिले बोट बाळंतिणीकडे जाते. हिने काय खाल्ले, हिचे दूध पातळ, हिचे दूध कडू, हिचे दूध बाधते. विकार असतो बाळाच्या जागल्याचा, आणि शिक्षा होते आईला. बाळाला वावडे असलेच तर ते गाईच्या प्रथिनांचे असते, आईच्या दुधाचे नव्हे. हा फरक आमच्या घराला कळायला आठ दिवस लागले, आणि नववा दिवस जवळजवळ हातचा गेला होता.

शेवट गोड आहे, म्हणूनच मी तो सांगू शकतो. हे वावडे बहुतेक मुलांचे मोठे होता होता जाते. पुष्कळांचे तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान जाते, काहींचे उशिरा, अगदी थोड्यांचे राहते. २०१८ साली, भाचा चार वर्षांचा असताना, त्याला दवाखान्यात बसवून डॉक्टरांनी थेंबाथेंबाने दूध देऊन पाहिले. थेंबाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली. आम्ही सगळे घड्याळाकडे आणि त्याच्या ओठांकडे पाहत होतो. काही झाले नाही. ते पोर खुशाल विचारीत होते, ‘‘अजून आहे का?’’

माझी आई आज थकली आहे. पुढच्याच वर्षी गाय व्याली, तेव्हा तिने चिकाचा खरवस केला, आणि आधी मुलीला फोन करून विचारले, ‘‘डॉक्टरांना विचारलंस का गं? त्याला चालेल ना?’’ जन्मभर कुणालाही न विचारता सगळ्यांना दूध पाजणारी ती बाई. तिचा तो प्रश्न ऐकला, आणि मला वाटले, आमच्या घरात शहाणपण आले ते एवढेच: पाजण्यापूर्वी विचारायचे. आपल्या घरी ते आमच्यापेक्षा स्वस्तात यावे, एवढ्यासाठी हे बोललो.